गोदामातल्या फियाटची रास्त किंमत

श्रोतेहो, नमस्कार. वडिलांची किंवा आजोबांची गाडी ताडपत्रीखाली उभी असते, तिला वीस-पंचवीस वर्षांत कोणी हात लावलेला नसतो, आणि एके दिवशी अनोळखी माणूस दारात येऊन “गाडी द्यायची आहे का?” असे विचारतो. अशा वेळी कोणता आकडा सांगावा, याविषयी आज बोलायचे आहे. सगळ्या जुन्या गाड्यांना लागू पडेल असे काही सांगण्यापेक्षा मी एकच गाडी घेतो : कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून १९५० च्या दशकात बाहेर पडलेली, पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असलेली फियाट ११००, म्हणजेच आपल्याकडची ‘डुक्कर फियाट’.

अशी एक गाडी मी सांगलीत, गुळाच्या एका जुन्या गोदामात पाहिली. मालकीणबाई, ज्यांना सगळे काकू म्हणत, त्यांच्या पुतण्याने जुन्या गाड्यांच्या रॅलीत याच मॉडेलची नव्यासारखी केलेली गाडी पाहिली होती आणि तिच्या मालकाने सांगितलेला आकडा घरी येऊन सांगितला होता. काकूंच्या मनात तोच पक्का बसला. येथे बहुतेक व्यवहार बिघडतात, कारण तयार गाडीच्या किमतीत दोन वर्षांची मेहनत आणि गॅरेजची बिले धरलेली असतात, आणि गोदामातल्या गाडीवर तो खर्च अजून व्हायचा असतो.

समजुतीसाठी आकडे धरू. ते बाजारभाव नव्हेत. तयार गाडी आठ लाखांना जाते असे समजा. पत्रा आणि रंग अडीच लाख, क्रोम, काचा व रबरे सव्वा लाख, इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक पाऊण लाख, सीट व वायरिंग अर्धा लाख. खर्चाची बेरीज पाच लाख झाली. उरलेल्या तीन लाखांतून आणखी एक लाख मी वजा करतो, कारण रंग खरवडल्याशिवाय पत्र्याची खरी अवस्था कळत नाही आणि जुन्या गाडीने अंदाजापेक्षा कमी खर्च घेतल्याचे मी तरी पाहिलेले नाही. म्हणजे गाडी नव्यासारखी करून घेण्याची इच्छा असलेल्या गिऱ्हाइकाने दोन लाखांच्या वर जाऊ नये.

या हिशेबात सर्वांत मोठा आकडा पत्र्याचा आहे, म्हणून पाहणीचा बहुतेक वेळ तेथेच घालवावा. गाडीतले रबरी मॅट उचलावे आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभदला तर टोकाने हलकेच टोचावे. दारांखालच्या पट्ट्या, चाकांच्या कमानी, डिकीत स्टेपनीखालची जागा आणि मागच्या स्प्रिंगांचे पाटे जेथे बॉडीला बसतात तो भाग, ही गंजाची नेहमीची घरे आहेत. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक बाहेरून फिरवावे. जेथे ते धरत नाही तेथे रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असते. तरुणपणी मी एक चकचकीत फियाट केवळ रंगाला भुलून घेतली होती, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिच्या दारावरून बोटभर जाडीची लांबी पापुद्र्यासारखी सुटली. तेव्हापासून नव्या रंगाच्या जुन्या गाडीपेक्षा गंजाचे डाग उघड दाखवणारी गाडी मला अधिक विश्वासाची वाटते.

इंजिन जाम आहे म्हणून मालक खचतात आणि गिऱ्हाईक भाव पाडते, पण त्याचे इतके भय बाळगण्याचे कारण नाही. या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे, आणि पुढे याच कारखानदारांच्या प्रीमिअर पद्मिनी गाडीलाही त्याच क्षमतेचे इंजिन होते. मुंबईच्या टॅक्सींमुळे पद्मिनीच्या भागांचा व्यापार अनेक दशके तेजीत राहिला. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरल्याने ही सोय कायम राहील असे मात्र धरून चालू नये. याउलट पुढची जाळी, दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी, मीटरची तबकडी या वस्तू हरवल्या असतील तर एकेकीसाठी महिनोन्‌महिने चोर बाजार पालथा घालावा लागतो. चालू इंजिनाच्या पण जाळी नसलेल्या गाडीपेक्षा जाम इंजिनाच्या पण पूर्ण गाडीला मी जास्त पैसे देईन.

कागदपत्रेही तितक्याच बारकाईने पाहावीत. चॅसिस क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासावी आणि उमटलेला आकडा आरसी बुकाशी अक्षरशः ताडून पाहावा. काकूंची गाडी अजून यजमानांच्या नावावर होती. फॉर्म ३१ भरून ती आधी वारसाच्या नावावर करणे भाग होते, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३० त्यानंतरचे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. (इंग्लंडमधले कर्मठ शौकीन १९३० नंतरच्या गाडीला व्हिंटेज म्हणायलाही तयार नसतात, पण आपण आपला कायदा पाहावा.) ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरणे यांसारख्या कामांपुरतीच मुभा आहे. तेव्हा रोज फिरवायला गाडी शोधणाऱ्याने तिच्यासाठी शौकिनाचा भाव देऊ नये.

आता वजाबाकीचा हिशेब जेथे अपुरा पडतो ते सांगतो. काकूंच्या गाडीचा राखाडी रंग कारखान्यातलाच होता. डिकीच्या झाकणाखाली, डॅशबोर्डमागे आणि बाहेर तीच छटा, फक्त बाहेरची उन्हाने विटलेली. सीटचे रेक्झिन फाटले होते, पण मूळचे होते. अशी गाडी रंगवू नये, धुऊन, तेलपाणी करून आहे तशी जपावी, असे मानणारे शौकीन आता आपल्याकडेही आहेत, आणि त्यांच्या लेखी पत्रा-रंगाच्या खर्चाची वजाबाकीच करायची नसते. म्हणून तेथे मी दोन लाखांसारख्या वजाबाकीच्या आकड्यावर थांबलो नाही. पुतण्याच्या आकड्याच्या निम्म्याच्या थोडे खाली किंमत सांगितली, आणि दोन महिन्यांनी त्याच सुमारास सौदा झाला.

त्या किमतीतला काही भाग ग्लोव्ह बॉक्समधल्या एका गठ्ठ्याचा होता. यजमानांनी ऑइल बदलल्याची, टायर घेतल्याची प्रत्येक पावती तारीख आणि किलोमीटर लिहून सुतळीने बांधून ठेवली होती, आणि गिऱ्हाईक गाडीइतकाच वेळ त्या पावत्या वाचत बसले होते. काकूंनी सगळ्यांच्या झेरॉक्स काढून घेतल्या आणि मूळ गठ्ठा गाडीबरोबर दिला.