वेखंडाच्या पानावरचा काळा पाव

जूनच्या अखेरीस लिथुएनियाच्या राजधानीत, विल्नियसमध्ये, सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे रात्रीच्या जेवणाला निघालेली मंडळी लख्ख उजेडात या गल्लीत शिरतात आणि दगडी पायऱ्या उतरून तळघरातल्या खाणावळीत आल्यावर, डोळे तिथल्या मंद प्रकाशाला सरावेपर्यंत, दोन क्षण थबकतात. खाली विटांच्या कमानी आहेत, जाड लाकडाची मेजे आहेत आणि प्रत्येक मेजावर जवसाच्या धाग्याचे, रंग न दिलेले, हाताला किंचित खरखरीत लागणारे कापड अंथरलेले आहे.

येथे येणारा परदेशी पाहुणा मेनू कार्ड उघडतो तो बहुधा बटाट्याचा एक पदार्थ शोधण्यासाठी. त्या पदार्थाकडे आपण येणारच आहोत. परंतु न मागताच जो मेजावर येऊन बसला आहे, त्या लाकडी फळीवरच्या काळ्या पावाकडे आधी पाहू या, कारण आमच्या मते या जेवणातला वडीलधारा तोच आहे. लिथुएनियन भाषेत त्याला ‘युओदा दुओना’ म्हणतात. युओदा म्हणजे काळी आणि दुओना म्हणजे पाव.

या पावाचा तळ उलटा करून पाहिला, तर त्यावर लांब, समांतर शिरा उमटलेल्या दिसतात. त्या वेखंडाच्या पानांच्या आहेत. ज्याचे मूळ आपल्याकडे तान्ह्या बाळासाठी सहाणेवर उगाळले जाते, तेच हे वेखंड लिथुएनियाच्या तळ्यांकाठी वाढते. त्याची तलवारीसारखी पाने भट्टीच्या लांब दांड्याच्या फळीवर पसरून त्यांवर कणकेचा गोळा ठेवतात, म्हणजे पाव फळीला चिकटत नाही आणि पानांचा मंद सुवास तळाच्या कवचात उतरतो. वेखंड नसेल, तर कोबीची किंवा मेपलची पाने घेतात.

आता आपण पाहत आहोत ती भट्टी शहराबाहेरच्या एका शेतघरातली आहे. या पावाचे पीठ राय नावाच्या धान्याचे असते. आपल्या फोडणीतल्या राईशी त्याचा काहीही संबंध नाही. हे गव्हाच्या गोतातले, थंडी आणि हलकी जमीन दोन्ही सोसणारे धान्य आहे. पिठाचा एक भाग आधी उकळत्या पाण्यात कालवून झाकून ठेवतात, त्यात शहाजिरे घालतात आणि ते कोमट झाले की त्यात ‘राउगास’, म्हणजे मागच्या खेपेचे आंबवण, मिसळतात. लाकडी कोठीत ते एक-दोन दिवस आंबत राहते आणि त्याचा वास आधी गोडसर, मग आंबट येऊ लागतो. त्यानंतर उरलेले पीठ आणि मीठ घालून मळण्याचे काम सुरू होते. ते किती कष्टाचे आहे, हे कणीक मळणाऱ्या या आजींच्या खांद्यांकडे पाहिले म्हणजे कळते, कारण रायची कणीक गव्हासारखी लवचीक होत नाही, ती शेवटपर्यंत हाताला धरून राहते. म्हणून गोळ्याला आकार देताना त्या हात वारंवार पाण्यात बुडवतात. शेवटी पहिल्या पावावर तळहाताच्या कडेने क्रूसाची खूण केली जाते आणि मगच तो आत सरकवतात. कित्येक किलोंचा असा पाव भाजायला दोन-तीन तासही लागतात.

या पावाचा मान मोठा आहे. जमिनीवर पडलेला तुकडा उचलून ओठांना लावायचा, ही रीत वडीलधाऱ्यांनी घराघरांत मुलांना शिकवली. दरवर्षी 5 फेब्रुवारीला, संत अगाथेच्या दिवशी, पाव चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात आणि तो घराला आगीपासून राखतो अशी श्रद्धा आहे. आज मात्र बहुतेक घरांत पाव दुकानातून येतो. 1990 मध्ये सुमारे 37 लाख असलेली देशाची लोकसंख्या 2021 च्या जनगणनेत 28 लाखांवर आली आणि अशा भट्ट्या पेटवणारे हातही कमी झाले.

आपण पुन्हा तळघरातल्या मेजाकडे येऊ. हे मेनू कार्ड लॅटिन अक्षरांत छापलेल्या लिथुएनियन भाषेत आहे, आणि ही साधी गोष्ट नाही. तेव्हा येथे राज्य करणाऱ्या रशियाच्या झारशाहीने 1864 ते 1904 अशी चाळीस वर्षे लॅटिन अक्षरांत लिथुएनियन मजकूर छापण्यावर बंदी घातली होती. त्या काळात शेजारच्या, जर्मनांच्या ताब्यातल्या पूर्व प्रशियात छापलेली पुस्तके सीमेपलीकडून लपवून आणणाऱ्या माणसांना येथे आजही आदराने आठवले जाते. भाषा टिकली म्हणून या पदार्थांची नावे टिकली, आणि मराठी माणसाने ती नावे मोठ्याने वाचली, तर त्याला काही ओळखीचे ध्वनी ऐकू येतील. मधाला येथे ‘मेदुस’ म्हणतात, धुराला ‘दूमास’ आणि अग्नीला ‘उग्निस’. ‘दुओना’ हा शब्दही, भाषाशास्त्रज्ञांच्या मते, संस्कृतातील ‘धाना’ या भाजलेल्या धान्याच्या नावाचा सगोत्र आहे. येथे एक म्हण आहे : ‘दिएवास दावे दान्तिस, दुओस इर दुओनोस.’ देवाने दात दिले, तो पावही देईल, असा तिचा अर्थ आहे. ज्याने चोच दिली तो चाराही देईल, असे आपण म्हणतो. भाषांचे हे नाते ग्रंथालयात वाचलेले असते. परंतु तेच तोंडात घास असताना कानावर पडते, तेव्हा ते अधिक खरे वाटते.

आता स्वयंपाकघरात चलू या, कारण ज्याच्यासाठी पाहुणे येतात तो ‘त्सेपेलिनाय’ येथे आकार घेतो आहे. बटाटा लिथुएनियाच्या मातीत रुजला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, म्हणजे रायच्या मानाने तो येथे काल आलेला पाहुणा आहे. तरीही त्याच्यावर घेतली जाणारी मेहनत पाहण्यासारखी आहे. कच्चे बटाटे अगदी बारीक किसले जातात, तो कीस फडक्यात बांधून पुरचुंडी दोन्ही हातांनी पिळतात आणि निघालेले पाणी पातेल्यात स्थिर ठेवतात. थोड्या वेळाने वरची निवळी अलगद ओतून दिली की तळाशी पांढरा, घट्ट साका दिसतो. ज्यांनी कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढलेला पाहिला आहे, त्यांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. हा साका आणि थोडे उकडलेले बटाटे पिळलेल्या किसात मिसळून तळहातावर थापतात, मधे डुकराच्या मांसाचा खिमा किंवा ‘वार्श्के’ नावाचे छेन्यासारखे ताजे चीज ठेवतात आणि कडा जुळवून लांबट गोळा वळतात. तो मंद उकळत्या पाण्यात सुमारे अर्धा तास शिजतो. पाण्यातही थोडा साका कालवलेला असतो, त्यामुळे गोळा फुटत नाही.

या पदार्थाचे जुने नाव ‘दिद्ज्कुकुलेय’, म्हणजे मोठे गोळे, असे होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनांची झेपेलिन नावाची लांबट, वायूने भरलेली हवाई जहाजे प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या आकाराशी असलेल्या साम्यावरून हे नवे नाव रूढ झाले. ताटलीत बहुधा दोन गोळे येतात, वर कांदा व खारवलेल्या डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे आणि बाजूला दाट आंबट साय असते. शाकाहारी माणसाने वार्श्केचे सारण मागावे आणि वरचे तुकडे नकोत असे स्पष्ट सांगावे; अनेक ठिकाणी त्याऐवजी अळिंबीची दाट आमटी मिळते.

शेजारच्या मेजावरचा हा गुलाबी रंग मात्र कोणत्याही वर्णनाशिवाय बोलतो. हे ‘शाल्तिबार्श्चेय’ नावाचे थंड सार आहे. केफिर म्हणजे आंबवलेले दूध, त्यात किसलेले बीट, काकडी, कांद्याची पात, शेपू आणि उकडलेले अंडे घातलेले असते, आणि सोबत वेगळ्या वाटीत वाफाळलेले बटाटे दिले जातात. घास गरम बटाट्याचा आणि घोट थंड साराचा, असे ते खायचे असते. बिटाच्या कोशिंबिरीत दही पडल्यावर जो रंग येतो तोच हा रंग आहे.

भट्टीतून निघालेला हा खरपूस चौकोन ‘कुगेलिस’चा आहे. किसलेले बटाटे, अंडी, दूध आणि खारवलेल्या मांसाचे तुकडे एकत्र करून तो भाजतात. त्याचे नाव जर्मन आणि ज्यूंच्या यिदिश या भाषांतील ‘कुगेल’वरून आले आहे. विल्नियस हे एके काळी ज्यू विद्येचे मोठे केंद्र होते. लिथुएनियातील नव्वद टक्क्यांहून अधिक ज्यू 1941 ते 1944 या काळात मारले गेले. ही त्यांच्या वस्तीतली गल्ली आहे.

रात्र झाली आहे. फळीवर उरलेले पावाचे काप टाकून दिले जात नाहीत. उद्या ते लांब कापून तेलात तळले जातील, गरम असतानाच त्यांवर लसूण चोळली जाईल आणि बिअरसोबत ते ‘केप्ता दुओना’ या नावाने मेजावर येतील. काही काप पाण्यात भिजत घालून ‘गिरा’ हे आंबट-गोड, फेसाळ पेय केले जाईल.

आणि शेतघरात, भट्टी निवल्यावर, आजी कोठीच्या तळाशी मूठभर कणीक मुद्दाम शिल्लक ठेवत आहेत. तिच्यावर त्या चिमूटभर मीठ घालतात, कोठीवर जवसाच्या धाग्याचे कापड टाकतात आणि दिवा मालवतात.