हक्काची खोली: शिकागोच्या साउथ साइडची कलावस्ती

श्रोतेहो, नमस्कार.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली आणि तिने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तेव्हापासून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची चळवळ आणि त्यांचे साहित्य मराठी वाचकाला परके राहिलेले नाही. मात्र आपल्यापर्यंत पोहोचले ते बहुतेक मोर्चे, भाषणे, कविता आणि गोळीबार. या लोकांच्या वस्तीत चित्रे कुठे टांगली जात, वर्तमानपत्र कोणाच्या घरात जुळवले जाई, मुलांना वाद्य कोण शिकवी आणि या सगळ्यासाठी जागा कशी मिळे, याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. आज त्याविषयी बोलायचे आहे आणि त्यासाठी एकच शहर घेतले आहे, ते म्हणजे शिकागो. न्यूयॉर्कच्या हार्लेमचा गाजावाजा अधिक झाला, हे खरे. परंतु सामान्य माणसांनी पदरमोड करून संस्था काढाव्यात आणि त्या पिढ्यान्‌पिढ्या चालवाव्यात, या बाबतीत शिकागोच्या साउथ साइडचे, म्हणजे शहराच्या दक्षिण भागाचे, उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते.

१९१० साली शिकागोत सुमारे ४४,००० कृष्णवर्णीय राहत होते. १९३० साली ही संख्या २,३३,००० च्या वर गेली. मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना या दक्षिणेकडील राज्यांतली कापसाची शेती, सावकारी पाश आणि झुंडींनी केलेल्या हत्या यांना कंटाळलेली माणसे आगगाडीत बसून शिकागोच्या कत्तलखान्यांत आणि पोलाद कारखान्यांत कामाला येत होती. त्यांना ही वाट दाखवण्यात एका वर्तमानपत्राचा वाटा फार मोठा होता. रॉबर्ट ॲबट यांनी १९०५ साली ‘शिकागो डिफेंडर’ सुरू केले, ते आपल्या घरमालकिणीच्या घरातून आणि पहिल्या अंकाच्या अवघ्या ३०० प्रतींनी. पुढे पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांत काम करणारे कृष्णवर्णीय सेवक त्या प्रतींचे गठ्ठे आपल्या सामानात दडवून दक्षिणेत नेऊ लागले. तिथे एक प्रत अनेक हातांतून फिरे, न्हाव्याच्या दुकानात आणि चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवली जाई. गावोगावचे गोरे अधिकारी हे वर्तमानपत्र जप्त करीत, यावरूनच त्याचे वजन किती होते हे कळते.

शहरात आलेल्या या माणसांना राहायला मिळाला तो जमिनीचा एक अरुंद पट्टा. १९१९ च्या उन्हाळ्यात मिशिगन सरोवरात तराफ्यावर खेळणारा सतरा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्यांच्या किनाऱ्याकडे वाहत गेला, त्याच्यावर दगड फेकले गेले आणि तो बुडून मेला. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे ठार झाली. पुढे हा पट्टा कागदोपत्री आवळला गेला. घरांच्या खरेदीखतांतच अशी अट घालण्यात येऊ लागली की हे घर कृष्णवर्णीयांना विकता किंवा भाड्याने देता येणार नाही. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट न्यायालयांमार्फत बजावता येणार नाही असा निकाल दिला. तोवर दोन-तीन पिढ्या त्या पट्ट्यातच वाढल्या होत्या. जुन्या प्रशस्त घरांचे तुकडे करून एकेका खोलीचे बिऱ्हाड केले जाई. त्याला ‘किचनेट’ म्हणत. खोलीतच शेगडी, खोलीतच खाट आणि मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एक न्हाणीघर. गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या श्रोत्यांना याचे अधिक वर्णन करून सांगायला नको. फरक एवढाच की किचनेटचे भाडे गोऱ्यांच्या वस्तीतल्या बऱ्या घराच्या तोडीचे असे. या खोल्यांतले जगणे ग्वेंडोलिन ब्रुक्स या कवयित्रीने स्वतः तिथे राहून लिहिले आणि १९५० साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती होय. वस्तीला मात्र ‘ब्रॉन्झव्हिल’ हे नाव वस्तीतल्याच पत्रकारांनी दिले होते आणि ते लोकांनी अभिमानाने चालवले.

अशा वस्तीत चित्रकाराने चित्र कुठे लावावे? शहराच्या मोठ्या कलादालनांत कृष्णवर्णीयांच्या चित्रांना जवळजवळ प्रवेश नव्हता. मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने बेकार कलावंतांना काम देणारी योजना काढली. त्या योजनेतून गावोगावच्या कलाकेंद्रांना शिक्षकांचे पगार आणि डागडुजीचा खर्च मिळे. इमारत मात्र स्थानिक लोकांनी स्वतः आणायची, असा नियम होता. साउथ साइडच्या चित्रकारांनी आणि शिक्षकांनी मग एक मोहीम काढली. तिचे नाव होते ‘एक मैल डाइम’. डाइम म्हणजे दहा सेंटांचे नाणे, आकाराने अगदी चिमुकले. अशी नाणी एकापुढे एक ठेवून मैलभर रांग लावायची तर सुमारे ९०,००० नाणी लागतात आणि त्यांचे होतात जेमतेम नऊ हजार डॉलर. मार्गारेट बरोज ही तेव्हा विशी-बाविशीतली तरुणी. ती डबा हातात घेऊन रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ही वर्गणी गोळा करी. याच कामासाठी सॅव्हॉय बॉलरूममध्ये कलावंतांचा नृत्यसोहळा भरवला गेला. तिथे वस्तीतली सुखवस्तू मंडळी नटूनथटून आली आणि तिकिटांचे पैसे केंद्राला मिळाले.

या पैशांतून ३८३१ साउथ मिशिगन अव्हेन्यू हे घर घेतले गेले. मुळात ते एका गोऱ्या धान्यव्यापाऱ्याने १८९० च्या दशकात बांधलेले. १९४० च्या डिसेंबरात ‘साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर’ सुरू झाले आणि ७ मे १९४१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते त्याचे रीतसर उद्घाटन झाले. आतली सजावट शिकागोतल्या न्यू बाउहाउस या कलाशाळेच्या मंडळींनी केली. भिंतींवर साध्या लाकडी फळ्या बसवल्या, म्हणजे कुठेही खिळा ठोकून चित्र टांगता यावे. आज त्या फळ्या जवळून पाहिल्या तर खिळ्यांची असंख्य भोके दिसतात, एकावर एक, वेगवेगळ्या उंचीवर. कोणीही ती बुजवून पॉलिश केलेले नाही. ते योग्यच केले, असे मी म्हणेन. घराच्या तळघरात गॉर्डन पार्क्स नावाच्या तरुणाला छायाचित्रे धुण्यासाठी अंधारखोली मिळाली. तिथे काढलेल्या कामावर त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढे ‘लाइफ’ साप्ताहिकाचा तो पहिला कृष्णवर्णीय छायाचित्रकार झाला. वरच्या मजल्यावर कवितेचे वर्ग भरत. ते घेणारी बाई गोऱ्या श्रीमंत वस्तीतून येई आणि शिकणाऱ्यांत ग्वेंडोलिन ब्रुक्स होती. सरकारी योजना युद्धकाळात बंद पडली, तिच्या आधाराने निघालेली देशभरातली शंभराहून अधिक कलाकेंद्रे बहुतेक मिटली. हे केंद्र त्याच घरात आजही चालू आहे. घर विकत घेतलेले होते, हे त्याचे एक साधे कारण आहे, आणि ते फार महत्त्वाचे आहे.

मार्गारेट बरोज तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी आणि त्यांचे पती चार्ल्स यांनी त्याच रस्त्यावर, केंद्राच्या जवळजवळ समोर, ३८०६ क्रमांकाचे घर घेतले. पूर्वी ते रेल्वेत काम करणाऱ्या कृष्णवर्णीयांचे वसतिगृह होते. १९६१ साली या दांपत्याने आपल्या राहत्या घराच्या तळमजल्यावरच्या खोल्यांत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे संग्रहालय उघडले. शाळेच्या मुलांना घेऊन शिक्षक येत आणि मालकीणबाई स्वतः त्यांना वस्तू दाखवीत. पुढे या संग्रहालयाला शिकागोचे पहिले कायमचे रहिवासी मानले गेलेले कृष्णवर्णीय व्यापारी ज्याँ बातिस्त प्वाँ द्यु साब्ल यांचे नाव मिळाले आणि १९७३ साली ते वॉशिंग्टन पार्कमधील मोठ्या इमारतीत गेले. पुस्तकांच्या बाबतीत असेच काम व्हिव्हियन हार्श यांनी आधीच केले होते. १९३२ साली उघडलेल्या हॉल ग्रंथालयाच्या त्या प्रमुख झाल्या आणि शहराच्या ग्रंथालय खात्यात शाखा सांभाळणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय ठरल्या. त्यांनी कृष्णवर्णीयांविषयीची पुस्तके आणि कागदपत्रे जिथून मिळतील तिथून जमवली आणि ग्रंथालयात व्याख्यानमाला चालवली. रिचर्ड राइट आणि लँग्स्टन ह्यूज यांच्यासारखे लेखक तिथे येऊन बसत.

संगीताबद्दल बोलू लागलो तर वेळ पुरायचा नाही. पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये टॉमस डॉर्सी यांनी ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीताच्या ठेक्यावर भक्तिगीते बसवली आणि त्यातून गॉस्पेल संगीत घडले, एवढे सांगून पुढे जातो. मला थांबायचे आहे ते १९६५ सालापाशी. त्या वर्षीच्या मे महिन्यात मुहाल रिचर्ड एब्रम्स, फिल कोह्रान, स्टीव्ह मकॉल आणि जोडी ख्रिश्चन या चार वादकांनी कोह्रान यांच्या घरी सभा बोलावली. क्लब बंद पडत होते, उरलेल्या ठिकाणी मालक सांगेल ते वाजवावे लागे. या मंडळींनी ‘असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स’ ही जी संस्था काढली, ती एएसीएम या आद्याक्षरांनी ओळखली जाते, आणि तिचा मुख्य नियम असा की संस्थेच्या कार्यक्रमांत सभासदांनी स्वतःच्या रचनाच वाजवायच्या. दोन वर्षांत त्यांनी वस्तीतल्या मुलांसाठी शनिवारी भरणारी मोफत संगीतशाळाही सुरू केली.

साउथ साइडच्या या संगीताची आपल्याकडची नाती दोन, आणि दोन्ही खरी आहेत. पहिले नाते टेडी वेदरफर्ड यांचे. १९२० च्या दशकात शिकागोत पियानो वाजवून नाव कमावलेला हा वादक पुढे आशियात आला आणि मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आपला बँड घेऊन वाजवू लागला. अशा कृष्णवर्णीय वादकांच्या सहवासात गोव्याचे ख्रिस्ती वादक जॅझ शिकले, आणि तेच वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसले. चिक चॉकलेट या नावाने वाजवणारे अल्डोणेचे ट्रंपेटवादक आणि आपले सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त काय धमाल केली, ते श्रोत्यांना ठाऊकच आहे. वेदरफर्ड १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारले. दुसरे नाते हेन्री थ्रेडगिल यांचे. शिकागोत जन्मलेले, एएसीएममध्ये घडलेले आणि २०१६ साली संगीताचे पुलित्झर मिळवलेले हे रचनाकार काही काळ गोव्यात बिऱ्हाड करून राहत होते.

ज्या कलेला स्वतःचे छप्पर नव्हते, तिचे काय झाले तेही पाहिले पाहिजे. १९६७ च्या ऑगस्टमध्ये ४३ व्या रस्त्याच्या आणि लँग्ली अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, एका जीर्ण इमारतीच्या भिंतीवर, सुमारे चौदा कलावंतांनी मिळून भव्य चित्र काढले. ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’, म्हणजे आदराची भिंत, असे तिचे नाव. मुहम्मद अली, माल्कम एक्स, अरेथा फ्रँकलिन, ड्यू बॉइस, ग्वेंडोलिन ब्रुक्स अशी माणसे तिच्यावर होती. मार्टिन ल्यूथर किंग यांना मात्र जागा मिळाली नाही, आणि त्यावरून त्या काळच्या तरुणांचा कल कळतो. भिंतीपुढे कविता वाचल्या जात, वाद्ये वाजत. स्वतः ब्रुक्स तिथे येऊन कविता वाचून गेल्या. चित्राचा एक भाग परस्पर पुसून पुन्हा रंगवल्यावरून कलावंतांत भांडणेही झाली. या भिंतीपासून स्फूर्ती घेऊन अमेरिकेच्या अनेक शहरांत भित्तिचित्रे निघाली. पण मूळ इमारत परक्याच्या मालकीची होती. १९७१ साली तिला आग लागली आणि १९७२ साली ती पाडण्यात आली. त्याच १९६७ साली हाकी मधुबुटी या कवीने तळघरातल्या बिऱ्हाडात ४०० डॉलर आणि एक सायक्लोस्टाइल यंत्र यांच्या बळावर थर्ड वर्ल्ड प्रेस ही प्रकाशनसंस्था काढली. ती आजही चालू आहे.

वस्तीचे पुढचे चित्र सरळ नाही. खरेदीखतांतल्या अटी गेल्यावर ज्यांना परवडले ते बाहेर पडले. मागे राहिलेल्यांसाठी शहराने रॉबर्ट टेलर होम्स या नावाने प्रत्येकी सोळा मजल्यांच्या २८ इमारती १९६२ पर्यंत बांधल्या, त्यांच्याकडे दुर्लक्ष केले आणि २००७ पर्यंत त्या सगळ्या पाडून टाकल्या. ४७ व्या रस्त्यावरचे रीगल थिएटर १९७३ साली गेले. १९८० साली शहरात सुमारे बारा लाख कृष्णवर्णीय होते. २०२० च्या जनगणनेत ते आठ लाखांच्या आत आले. ‘डिफेंडर’ची छापील आवृत्ती २०१९ साली बंद पडली. दर वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी निघणारी बड बिलिकन मिरवणूक मात्र अजून निघते. १९२९ साली ‘डिफेंडर’नेच ती वर्तमानपत्र विकणाऱ्या मुलांसाठी सुरू केली होती. शाळा उघडण्याआधी निघणाऱ्या या मिरवणुकीत लेझीम नाही, पण ढोलांची पथके आहेत आणि ती महिनोन्‌महिने सराव करतात.

अलीकडच्या काळात थिएस्टर गेट्स या कलावंताने स्टोनी आयलंड अव्हेन्यूवरची १९२३ सालची एक बंद पडलेली बँक शहराकडून एका डॉलरला घेतली. अट अशी की दुरुस्तीचा पैसा त्याने उभा करावा. त्याने इमारतीतल्या संगमरवराचे तुकडे कापून त्यांवर रोख्यांसारखी अक्षरे कोरली आणि कलाबाजारात एकेक तुकडा पाच हजार डॉलरला विकला. डाइम गोळा करणाऱ्यांच्या मोहिमेपेक्षा हा मार्ग फार वेगळा आहे. इथे देणारे शेजारी नव्हते, जगभरचे संग्राहक होते, आणि हे मला थोडे खटकते. पण २०१५ साली ती इमारत उघडली. कृष्णवर्णीय वाचकांसाठी ‘एबनी’ मासिक काढणाऱ्या जॉन्सन प्रकाशनसंस्थेचे २०१९ साली दिवाळे निघाले, तेव्हा तिच्याकडची ४० लाखांहून अधिक छायाचित्रे चार मोठ्या धर्मादाय प्रतिष्ठानांनी तीन कोटी डॉलरना घेतली आणि पुढे ती लॉस एंजेलिस व वॉशिंग्टनमधील संस्थांच्या मालकीची झाली. त्याच प्रकाशनसंस्थेच्या ग्रंथालयातली हजारो पुस्तके मात्र त्याआधीच गेट्सच्या बँकेत आली होती. ती साउथ साइडमध्येच आहेत आणि तिथे बसून वाचता येतात.