मेंदू बिघडलेला नसतो, तेव्हा

श्रोतेहो, अतिदक्षता विभागाच्या दाराशी नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात : “डॉक्टर, यांच्या डोक्यावर परिणाम झालाय का? रात्रीपासून बडबडतात, आम्हाला ओळखतही नाहीत.” पुष्कळदा खरे उत्तर असे असते, की मेंदूला इजा झालेली नाही, ज्या रक्तावर तो जगतो, ते बिघडले आहे. शरीराच्या वजनात जेमतेम २ टक्के भरणारा हा अवयव एकूण प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा वापरतो आणि साखरेची शिल्लक जवळजवळ ठेवतच नाही. म्हणूनच यकृत, मूत्रपिंडे, फुफ्फुसे यांपैकी एकाचे काम बिघडले किंवा शरीरात जंतुसंसर्ग पसरला, तरी पहिली तक्रार कित्येकदा मेंदूच करतो.

अशा रुग्णाची शुद्ध सकाळी बरी तर संध्याकाळी हरपलेली असते, अंगाची एकच बाजू सहसा लुळी पडत नाही आणि बाहुल्या प्रकाशाला शेवटपर्यंत प्रतिसाद देतात. वाहतूक पोलीस गाडी थांबवतो तसे दोन्ही हात पुढे धरायला सांगितले, की मनगटे मधूनमधून गळून पडतात आणि लगेच सावरतात. यकृताच्या रुग्णांमधील हे लक्षण ॲडम्स आणि फोली या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९४९ मध्ये नोंदवले. युरिया वा कार्बन डायऑक्साइड साचलेल्या रुग्णातही ते दिसते.

मधुमेहाचे एक आजोबा अर्धांगवायूचा संशय घेऊन आमच्याकडे आले होते. सगळ्यांची धावपळ स्कॅनसाठी चालली होती आणि बोटाच्या थेंबातली साखर मात्र कोणी पाहिली नव्हती. ती निघाली अवघी ३४. शिरेतून ग्लुकोज देताच काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडून पाणी मागितले, आणि दोन तासांनी ते पुन्हा गुंगीत गेले. चार दिवस जुलाब होत होते, जेवण नव्हते, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र रोज नेमाने चालू होती. तिचे अंश ज्या मूत्रपिंडांतून बाहेर पडायचे, तीच मंदावली होती. अशा रुग्णाला ग्लुकोजचे सलाइन चालू ठेवून निदान २४ तास वारंवार साखर तपासावी लागते. शुद्धीवर आला म्हणून घरी पाठवणे धोक्याचे असते. रुग्ण दारू पिणारा किंवा बरेच दिवस उपाशी असेल, तर ग्लुकोजबरोबरच थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, शिरेतून द्यावे.

साखरेच्या बाबतीत घाई करावी लागते. सोडियमच्या, म्हणजे रक्तातल्या मिठाच्या, बाबतीत घाई घात करते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धेचे सोडियम १३५ ऐवजी १०८ वर येते, तेव्हा मेंदूच्या पेशींनी सूज टाळण्यासाठी दोनेक दिवसांत आपल्यातले क्षार बाहेर टाकून तडजोड केलेली असते. आता सोडियम झपाट्याने वर नेले, तर पेशींतले पाणी ओढले जाते आणि मज्जातंतूंवरचे आवरण उसवते; जागी होऊन बोलू लागलेली बाई काही दिवसांनी पुन्हा अबोल होते. झटके येत असतील तर ३ टक्क्यांचे सलाइन थोडे देऊन ४ ते ६ अंकांनी वर यावे. पण २४ तासांत एकूण वाढ ८ च्या आसपास थांबवावी आणि दर काही तासांनी रक्त तपासावे.

यकृताच्या रुग्णाला लॅक्ट्युलोज हे रेचक देतात, ते आतड्यात तयार होणारा आणि मेंदूला बाधणारा अमोनिया शौचावाटे काढण्यासाठी. दिवसाला दोन-तीन सैल शौच व्हावेत हाच त्याचा हेतू असतो, आणि “जुलाब लागले” म्हणून घरचे नेमके तेच बंद करतात! अशा रुग्णाची डाळ तोडायचा सल्लाही अजून ऐकू येतो. त्याने स्नायू झिजतात, आणि अमोनिया पचवण्यात स्नायूंचाही वाटा असतो.

जंतुसंसर्गामुळे आलेल्या भ्रमावर वेगळे औषध नाही. संसर्ग आवरावा लागतो. रुग्ण नळ्या ओढू लागला, की झोपेचे इंजेक्शन देण्याचा मोह होतो. मूत्रपिंडे आणि यकृत थकलेले असताना तेच औषध अंगात साचून भ्रम लांबवते. धड न दिसणे, ऐकू न येणे यानेही भ्रम वाढतो, म्हणून इंजेक्शनाआधी मी खाटेशेजारच्या खणात पाहतो. रुग्णाचा चष्मा आणि कानाचे यंत्र तिथे बहुधा नसतेच. हरवू नये म्हणून मुलाने ते पहिल्याच दिवशी घरी नेलेले असते.