तांबड्या मातीचा जड गट: हिंदकेसरी गणपतराव आंदळकर

(दृश्य: पहाट. तालमीचा हौदा. फावड्यांचा आवाज.)

अजून उजाडायचंय. पोरं लंगोट कसून हौद्यात उतरलीत आणि कुस्तीच्या आधीचं काम चाललंय. माती उकरायची. रोज उकरायची. एक दिवस हयगय झाली तर ती घट्ट बसते, आणि घट्ट मातीवर पाठ आपटली तर पैलवान आठ-आठ दिवस अंग हलवू शकत नाही.

ही तांबडी माती आधी चाळून घेतात. मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर घालून कालवतात. बघा, हा पोरगा मूठभर माती उचलून दाबतोय. मूठ उघडली की गोळा राहिला पाहिजे आणि बोटानं टिचकी मारली की फुटला पाहिजे. नाही फुटला तर अजून ताक पाहिजे, अजून उकरायला पाहिजे.

अशाच मातीत तयार झालेला एक गडी १९६२ साली जकार्ताला गेला आणि आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमन कुस्तीत सगळ्यात वजनदार गटाचं, ९७ किलोवरच्या गटाचं, सुवर्णपदक घेऊन आला. त्याच वजनात फ्रीस्टाइलचं रौप्यही त्याचंच. गणपतराव आंदळकर.

(दृश्य: जुना कृष्णधवल फोटो. कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ.)

जन्म १९३५ चा. गाव पुनवत, तालुका शिराळा, जिल्हा सांगली. वारणा खोऱ्यातलं शेतकऱ्याचं पोर. त्या काळी या भागातल्या पोराच्या अंगात जरा रग दिसली की घरचे एकच वाट धरायचे, कोल्हापूरची. बोचकं, तांब्या, घरच्या तुपाचा डबा, आणि तालमीच्या माळ्यावर एक कोपरा.

फोटोत मान बघा. खांद्यापासून थेट कानापर्यंत चढत गेलेली. ही मान नुसत्या खुराकानं होत नाही.

(दृश्य: खासबाग मैदान, वरून. मग दगडी पायऱ्या.)

पण कोल्हापूरच का? त्याचं उत्तर हे मैदान. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचं कलोझियम पाहिलं. परत आले आणि कुस्तीसाठी तसंच मैदान आपल्या गावात उभं करायचं मनावर घेतलं. १९१२ मध्ये खासबाग खुलं झालं. मधोमध हौदा, आणि भोवती गोल चढत गेलेली बैठक. पार वरच्या पायरीवर बसलेल्या माणसालाही पैलवानाचा पाय कुठं अडकला ते दिसतं. मध्ये खांब नाही, कुणाचा फेटा आड येत नाही.

महाराज स्वतः मातीत उतरलेले. उत्तरेतले नामांकित मल्ल त्यांनी इथं बोलावले, त्यांना आसरा दिला, खुराक दिला. पंजाबची कुस्ती आणि दख्खनची कुस्ती इथं एकमेकींना भिडल्या, एकमेकींचे डाव शिकल्या. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, दरबारचा आधार सुटला. तालमी मात्र राहिल्या. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग, मठ, काळाइमाम. गावानं त्या चालवल्या. कोल्हापूरचं हे ऋण कुस्तीच्या इतिहासात पुरेसं मांडलं गेलेलं नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

(दृश्य: जोर-बैठका. घामानं भिजलेली फरशी. थंडाई घोटणारे हात.)

पहाटे जोर आणि बैठका. शेकड्यानं. मग हौद्यात लढती. एकाशी दमला की दुसरा, दुसरा सुटला की तिसरा, आणि काठावर वस्ताद. वस्ताद फार बोलत नाहीत. "पट सोडू नको." "मान वर." एवढंच.

आता हे मानेचं काम बघा. खालचा पैलवान हातापायांवर ओणवा. वरच्यानं दोन्ही हात त्याच्या मानेवर रोवलेत आणि सगळा भार टाकलाय. खालच्यानं तो भार मानेनं उचलायचा, सोडायचा, पुन्हा उचलायचा. पाळी पाळीनं. कपाळावरची शीर टरारली तरी थांबायचं नाही.

मेहनत संपली की थंडाई. बदाम, खसखस, बडीशेप, वेलदोडा, काळी मिरी, गुलाबपाकळ्या, कुंडीत घोटून दुधात. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्टा. म्हैस समोर उभी, धार समोर, आणि फेसाळलेला पेला तिथंच तोंडाला.

(दृश्य: हलगी. खासबागेतली जुनी छायाचित्रं.)

१९५९ ला श्रीपती खंचनाळे, १९६० ला गणपतराव आंदळकर. लागोपाठ दोन वर्षं हिंदकेसरी, म्हणजे देशातल्या अव्वल मल्लाचा किताब, कोल्हापूरच्या तालमीत आला. आंदळकरांची कुस्ती लागली की हलगी दुपारपासून घुमायची. बैलगाड्या, सायकली, चालत आलेली माणसं. पाकिस्तानी मल्लांशीही ते लढले.

आणि मग जकार्ता.

(दृश्य: मॅटवरची लढत. शेजारी हौद्यातली लढत.)

आंदळकरांचं सुवर्ण ग्रीको-रोमनचं, आणि या कुस्तीत फ्रीस्टाइलसारखा कमरेखाली हात लावायचा नाही. पायानं अडवायचं नाही. म्हणजे आपल्या मातीतल्या माणसाचे हुकमी डाव गेलेच. पट गेला, टांग गेली. वर मॅट, शिट्टी, गुण, घड्याळ. मातीत घड्याळ नव्हतं. दोन्ही खांदे टेकेपर्यंत कुस्ती, मग तास लागो की दोन तास.

मग राहिलं काय? मान, मनगट, छाती, कंबर. तासन्‌तास खडाखडीत, उभ्यानं एकमेकांना भिडून, घासलेली मान. ओल्या मातीत घसरणाऱ्या अंगाला धरून धरून तयार झालेली पकड. मॅटवर तर अंगाला माती नाही, तेल नाही. एकदा कव घातली की सुटणार कशी? मातीचा पैलवान मॅटवर कमी पडतो असं म्हणणाऱ्यांनी हे पदक एकदा समोर ठेवावं.

त्या स्पर्धेत भारताला कुस्तीत तीन सुवर्णं मिळाली. त्यांतली दोन कोल्हापूर-सांगलीच्या मातीतली. एक आंदळकरांचं, दुसरं कवठेपिरानच्या मारुती मानेंचं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीतल्या कांस्यपदकाला तेव्हा दहा वर्षं झाली होती.

१९६४ ला टोकियो ऑलिंपिक. पदक नाही. अर्जुन पुरस्कार मिळाला. लढणं थांबलं.

(दृश्य: हौद्याच्या काठावर बसलेले वस्ताद. पाया पडणारी पोरं.)

बाकी आयुष्य त्यांनी हौद्याच्या काठावर काढलं. वस्ताद म्हणून. त्यांच्या हाताखाली घडलेल्यांत दादू चौगुले. १९७० आणि १९७१, दोनदा महाराष्ट्र केसरी. १९७४ ला ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पुन्हा सगळ्यात जड गट, आणि रौप्यपदक. वस्तादांचं वजन पट्ठ्यानं पुढं नेलं. दादूंचे चिरंजीव विनोद, तेही महाराष्ट्र केसरी. जकार्तापासून इथपर्यंतचा धागा तालमीतून जातो, कुठल्या सरकारी योजनेतून नाही.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी वस्ताद गेले.

(दृश्य: आजची तालीम. हौदा आणि शेजारी अंथरलेली मॅट.)

महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आज माती आणि गादी, म्हणजे मॅट, असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते शेवटी गादीवर भिडतात. म्हणून पोरांना दोन्ही करावं लागतं. पहाटे हौदा, संध्याकाळी मॅट. मॅट हवीच, तिच्याशिवाय बाहेरच्या देशात लढता येत नाही. पण मॅट घ्यायला पैसे मिळतात आणि हौद्यातली माती बदलायला वर्गणी काढावी लागते, हे बरोबर नाही. आणि या पोरांचा खुराक? बहुतेकांचा आजही घरूनच येतो. गावाकडं कुणीतरी म्हैस राखतं, शेंगा विकतं, आणि महिन्याच्या महिन्याला तुपाचा डबा एसटीनं कोल्हापूरला पाठवतं.