पितळ उघडे पडू नये म्हणून

(दृश्य : रेझरच्या डोक्याची खालची बाजू, अगदी जवळून)

पडद्यावर दिसणारा, साफसफाईसाठी आलेला हा रेझर जिलेट कंपनीने १९५९ च्या अखेरच्या तिमाहीत अमेरिकेत तयार केला. तो कोणत्या काळातला आहे हे इतक्या ठामपणे सांगता येते, कारण डोक्याच्या खालच्या पट्टीवर एका बाजूला इंग्रजी ‘ई’ हे अक्षर आणि दुसऱ्या बाजूला ४ हा आकडा कोरलेला आहे. त्यातले अक्षर वर्षाचे आणि आकडा तिमाहीचा. साबणाच्या करड्या थरातून ही खूण आत्ता जेमतेम वाचता येते. संग्राहक या रेझरला ‘फॅटबॉय’ म्हणतात. मुठीच्या वरच्या बाजूला असलेल्या चकतीवर १ ते ९ असे आकडे आहेत. चकती फिरवली की पाते आणि त्याखालची संरक्षक कड यांच्यातली फट कमीजास्त होते आणि त्यानुसार दाढी हलकी किंवा घासून होते.

(दृश्य : जुन्या तीन भागांच्या रेझरचे सुटे भाग)

शेजारी ठेवलेला तीन भागांचा रेझर याहून बराच जुना आहे. त्याच्या घडणीमागे किंग कॅम्प जिलेट या फिरत्या विक्रेत्याची कल्पना आहे. बाटल्यांची बुचे विकणाऱ्या या माणसाच्या मनात १८९५ मध्ये असा विचार आला की, वस्तऱ्याला पुन्हा पुन्हा धार लावत बसण्यापेक्षा पोलादाच्या पातळ पत्र्याचेच स्वस्त पाते करावे आणि बोथट झाले की बदलावे. इतक्या पातळ पत्र्याला पाणी देऊन धार टिकवता येणार नाही, असे जाणकार त्याला सांगत राहिले. विल्यम निकर्सन या अभियंत्याने ते काम करून दाखवले. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी रेझरची संख्या ९० हजारांच्या वर गेली आणि १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंटही मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी ३५ लाख रेझर मागवले. रोज घरच्या घरी दाढी करण्याची सवय असंख्य पुरुषांना लागली, ती तेथून.

या दोन्ही रेझरचे अंग पितळेचे आहे आणि वर दिसते ते चकाकणारे आवरण निकेलच्या मुलाम्याचे. हा मुलामा केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतो. साफसफाईचा सगळा विचार येथूनच सुरू होतो. एकदा गेलेला मुलामा घासून परत येत नाही. वर साचलेली घाण मात्र थोड्या धीराने पूर्णपणे निघते. म्हणून काय काढायचे, यापेक्षा काय राखायचे, हे हात लावण्यापूर्वी ठरवावे लागते.

(दृश्य : कोमट पाण्याचे भांडे, त्यात बुडवलेला रेझर)

सांध्यांत आणि पाते झाकणाऱ्या झडपांखाली बसलेला हा करडा थर नुसता साबण नाही. पाण्यातला चुना आणि साबण यांच्या संयोगातून न विरघळणारी एक चिकट राळ तयार होते आणि ती वर्षानुवर्षे दाबली जाऊन दगडासारखी होते. भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब घातलेल्या कोमट पाण्यात रेझर बराच वेळ ठेवला की ही राळ फुगून मऊ पडते. पाणी उकळते नको आणि घाईही नको. हे हात आता मऊ केसांचा जुना टूथब्रश घेतात, चकतीभोवतीच्या खाचांवरून तो नेहमी एकाच दिशेने फिरवतात आणि ब्रश पोहोचत नाही तेथे लाकडी काडी वापरतात. लोखंडी सुई येथे एकदा जरी घसरली तरी तिचा ओरखडा कायमचा राहतो. सुरुवातीला जाम असलेली चकती पहिल्या आंघोळीनंतर किंचित हलते, दुसऱ्या वेळी अर्धा फेरा घेते, आणि मग तिचे एकेक अंकावर अडकत जाणे बोटांना स्पष्ट जाणवू लागते.

आपल्याकडे पितळ म्हटले की हात आपोआप चिंचेकडे किंवा भांडी घासायच्या पावडरीकडे जातो. घरातल्या तांब्या-पितळेच्या भरीव भांड्यांना ते मानवते, कारण त्यांचा वरचा थर खरवडला गेला तरी आत पितळच असते. मुलाम्याच्या रेझरला हीच गोष्ट घातक ठरते. ब्लीचही टाळावे. व्हिनेगर मुलाम्यावर चालून जाते, म्हणून ते वापरलेच तर क्षणभर आणि लगेच धुऊन टाकण्यासाठी.

(दृश्य : जुन्या रेझरच्या मुठीवरील उभी चीर)

आता ही चीर पाहावी. अशा जुन्या रेझरच्या पोकळ मुठी लांबीच्या दिशेने तडकलेल्या अनेकदा सापडतात. नळी घडवताना पितळेत ताण राहून जातो, आणि अमोनियाची वाफ लागली की ताणलेले पितळ तडकते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हिंदुस्थानातलेच आहे. पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात साठवलेली ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे फुटत, कारण घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया सुटत असे. १९२१ मध्ये धातुशास्त्रज्ञांनी याचे कारण मांडले. म्हणूनच अमोनिया असलेल्या द्रवात जुना रेझर भिजत ठेवू नये. ही मूठ आता पाण्यापासून जपून ठेवण्यापुरतीच उरली आहे.

(दृश्य : सुती फडके, त्यावर उमटणारा काळा डाग)

राळ गेल्यावर निकेलचा किंचित पिवळसर, उबदार रंग समोर येतो. क्रोमचा रंग त्याच्या मानाने निळसर वाटतो. धातूवरचे पॉलिश फडक्याच्या टोकावर कणभर घेऊन हलक्या बोटाने फिरवले की फडके काळे होते. त्या काळेपणात मळ असतो आणि थोडा धातूही. कडांवर, मुठीच्या उंचवट्यांवर पिवळसर झाक दिसू लागली की थांबावे, कारण तिथे मुलामा संपत आला आहे. अशा झिजेला पुन्हा मुलामा देऊन झाकण्याची आज सोय आहे आणि विक्रेते त्यासाठी आग्रहही करतात. माझे मत विरुद्ध आहे. ज्या कडेवर एखाद्याचा अंगठा अनेक वर्षे टेकला, ती कड नवी करण्यात वस्तूचा मूळ पृष्ठभाग जातो, आणि तो विकत मिळत नाही.



(दृश्य : झडपा उघडतात)

शेवटचे काम यंत्रणेचे आहे. हा फॅटबॉय खोलायचा नाही. त्याचे भाग कारखान्यात दाबून बसवलेले आहेत आणि एकदा उघडले की ते पूर्वीसारखे जुळत नाहीत. झडपांच्या बिजागऱ्यांत आणि चकतीखाली मशीनच्या तेलाचा प्रत्येकी एक थेंब सोडला जातो, जास्तीचे तेल टिपले जाते आणि ७० टक्के अल्कोहोलने डोके पुसले जाते. मग आजचे साधे दुधारी पाते बसवतात, कारण पात्याचे माप बदललेले नाही. दोन्ही झडपा मिटल्यावर पात्याची दोन्ही बाजूंची फट प्रकाशासमोर धरून पाहतात. एका बाजूची जास्त असेल तर त्वचा ओरबाडली जाते. येथे ती दोन्हीकडे सारखी आहे, आणि चकती ३ वर आणून रेझर मालकाच्या हाती दिला जातो.