आरसा भिंतीवर, उजेड चेहऱ्यावर

नमस्कार श्रोतेहो.

आखाजीला घरभरणी करायची असं ठरवून ज्यांनी बांधकाम काढलंय, त्यांच्या घरी सध्या गवंडी, प्लंबर आणि वायरमन एकमेकांच्या पायात येत असतील. या गडबडीत वायरमन हटकून विचारतो, "दादा, बेसिनला लाइटचा पॉइंट कुठे काढू?" आणि दादा फोनवरूनच सांगतात, "वर मधोमध काढून टाक." मग टाइल्स बसतात, भिंत बंद होते. पुढची कित्येक वर्षं घरातले पुरुष हनुवटीखालचे केस सोडून दाढी करत राहतात.

बिचाऱ्या वस्तऱ्याचा यात काही दोष नाही. डोक्यावरून पडणारा उजेड भुवयांची सावली डोळ्यांवर टाकतो, नाकाची मिशीवर आणि हनुवटीची गळ्यावर. त्यात बाथरूमच्या छतावर मध्यभागी एकच दिवा असेल, तर बेसिनसमोर उभं राहिल्यावर तो आपल्या पाठीमागे जातो. टाइल्स लखलखतात आणि चेहरा मात्र अंधारात. आरशापाशी उजेड हवा म्हणताना आपण आरसा उजळायला बघतो, खरं तर उजळायचा असतो तो चेहरा.

म्हणून दिवे दोन हवेत, आरशाच्या डाव्या-उजव्या बाजूंना, डोळ्यांच्या पातळीवर. जमिनीपासून ५ ते साडेपाच फूट उंची आणि दोन्ही दिव्यांत अडीच-तीन फूट अंतर, एवढं पुरे. कव्हर दुधी घ्या. उघडा बल्ब डोळ्यांत खुपतो. बाजूला जागाच नसेल, एकीकडे दार आणि दुसरीकडे पिलर असेल, तर आरशाच्या वर, साडेसहा फुटांच्या आसपास, आरशाइतकी लांब आडवी पट्टी लावा. लांब पट्टीची सावली एका बल्बच्या सावलीपेक्षा पुष्कळ मऊ पडते. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बेसिनचा ओटा पांढरा किंवा फिकट असेल तर तो उजेड परत वर फेकतो आणि हनुवटीखालची सावली कमी होते. आपल्याकडे काळ्या ग्रॅनाइटची फार हौस! तो दिसतो छान, पण उजेड गिळून बसतो.

भिंत उघडी आहे तोवर एक करून बघा. रात्री भिंतीला जुना आरसा टेकवा आणि घरातल्या दोघांना दोन बाजूंना मोबाइलचे टॉर्च धरून उभं करा. टॉर्चवर पांढरा रुमाल टाका. हात वर-खाली करत चेहरा कुठे नीट दिसतो ते पाहा आणि तिथेच खडूने खूण करा.

आता रंग. साडीच्या दुकानात काठ नीट बघायचा तर आपल्या आया-मावश्या साडी घेऊन थेट दारात येतात. आतल्या दिव्यावर त्यांचा विश्वास नसतो, आणि तो नसतो हेच बरोबर. दिव्याच्या खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा असतो: ३००० म्हणजे पिवळसर, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बहुतेक लोक ६५०० उचलतात, कारण पांढरा म्हणजे जास्त उजेड असा समज. उजेड किती पडणार हे लुमेनवरून कळतं. साधा ९ वॉटचा एलईडी बल्ब ८०० ते ९०० लुमेन देतो, मग रंग कोणताही असो. निळसर उजेडात गव्हाळ रंगही आजारी दिसतो, पिवळ्यात कुंकवाचा आणि लिपस्टिकचा अंदाज चुकतो. माझं मत ४००० ला. शिवाय खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा शोधा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, ते तो सांगतो. साध्या दिव्याला ८० असतो, इथे ९० मिळाला तर चार पैसे जास्त द्या.

आरशाचं माप काढताना घरातली माणसं भिंतीशी उभी करा. आजी पावणेपाच फुटांची आणि नातू पावणेसहा फुटांचा, म्हणजे डोळ्यांच्या उंचीत फुटाचा फरक. आरशाची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर आणि वरची सव्वासहा फुटांवर ठेवली, तर दोघांचंही भागतं. मागे सरकलं की जास्त दिसेल असं वाटतं, पण सपाट आरशात तसं होत नाही. जेवढं अंग बघायचं, त्याच्या निम्म्या उंचीचा आरसा लागतो, जवळून आणि लांबूनही. काच ५ मिलिमीटरची घ्या. पातळ काच वाकड्या भिंतीवर आवळली की चेहराही वाकडा.

आपल्याकडे कितीतरी घरांत बेसिन बाथरूममध्ये नसतंच, जेवणघराच्या बोळात असतं. तिथे खिडकी आपल्या बाजूला येईल अशी भिंत निवडा, पाठीमागे नको. वास्तूचं ज्याचं त्यानं बघावं. पण पश्चिमेच्या खिडकीसमोर आरसा लावला, तर वैशाखातलं भुसावळचं ऊन तुम्ही स्वतःच घरात आमंत्रण देऊन आणाल.

दिवे बसवलेल्या एलईडी आरशांची सध्या फॅशन आहे. त्यातल्या काहींची पट्टी काचेच्या मागे असते आणि उजेड भिंतीवर पडतो. दिसायला सुंदर, दाढीला निरुपयोगी. पट्टी समोर उजेड टाकते का, दुकानात लावून बघा. आतला ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला वीज पुरवणारी डबी, वेगळा काढून बदलता येतो का, हेही विचारा. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज कसं खाली-वर होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. वाफ घालवणाऱ्या हीटरची गरज पौष-माघातल्या थोड्या दिवसांपुरती, ते काम झरोकाही करतो. ओल्या जागेतल्या दिव्यावर किमान आयपी ४४ लिहिलेलं हवं, म्हणजे पाण्याचे शिंतोडे त्याला चालतात, आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच. इथे काटकसर नको. लाइट जाण्याचा त्रास असेल तर एक दिवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या.

राहिलं पाणी. यावल-रावेरकडे बोअर खोल खोल चाललेत आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. ते काढायला संडास धुवायचं ॲसिड वापरू नका. ते कडेने मागे शिरलं की चांदीचा थर खातं आणि काळे ठिपके पसरतात. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी फडक्यावर घ्या. आरशावर फवारू नका, ओघळ खालच्या कडेला जातो. आरसा ओट्यावर टेकवून बसवू नका, बोटभर जागा सोडा. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन मागा. ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ती परत करा, कारण ते आम्ल मागून थेट चांदीच्या थराला लागतं.

नमस्कार.