धागा की दाणा?

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातली तंतुकणिका आठवते का? मायटोकॉन्ड्रिया या नावानंही तुम्ही तिला ओळखत असाल. लांबट, कॅप्सूलसारखी, मधोमध उभी चिरलेली आणि आत नागमोडी घड्या. खाली ठरलेलं वाक्य, ‘पेशीचं ऊर्जाघर’. वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. चित्राबद्दल मात्र आहे.

मायटोकॉन्ड्रिया हे नाव कार्ल बेंडा यांनी 1898 मध्ये दिलं. ग्रीकमध्ये ‘मितोस’ म्हणजे धागा आणि ‘कोन्द्रोस’ म्हणजे दाणा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती कधी धाग्यासारखी दिसे, कधी दाण्यासारखी, म्हणून नावात दोन्ही आलं. पण आत काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. साधारण 200 नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी प्रकाशाला वेगळ्या दाखवता येत नाहीत. तंतुकणिकेची जाडीच मुळी 500 ते 1000 नॅनोमीटर, आणि तिच्या आतली पटलं तर जेमतेम सहा-सात नॅनोमीटरची!

1931 मध्ये बर्लिनला एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरणारा सूक्ष्मदर्शक उभा केला. त्याची अट मात्र कडक. इलेक्ट्रॉनना निर्वात पोकळी लागते आणि जाड वस्तूतून ते पार जात नाहीत. म्हणजे पेशी हवी मेलेली, कोरडी आणि अतिशय पातळ.

ही तयारी म्हणजे निम्मं शास्त्र आणि निम्मी हातोटी. ऊतीचा बारीकसा तुकडा आधी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये टाकायचा, म्हणजे प्रथिनं जागच्या जागी थिजतात. मग ऑस्मियम टेट्रॉक्साइड. हे पटलांतल्या मेदाला चिकटतं आणि जड धातू असल्यामुळे इलेक्ट्रॉनना अडवतं. चित्रात पटलं काळी दिसतात ती त्यामुळे. मग अल्कोहोलनं पाणी काढून टाकायचं, तुकडा रेझिनमध्ये बुडवायचा आणि भट्टीत कडक करायचा. शेवटी काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीनं त्याचे काप काढायचे. काप सुरीमागच्या पाण्यावर तरंगतो आणि त्याची जाडी ओळखतात ती रंगावरून. रुपेरी दिसला तर साधारण 60 ते 90 नॅनोमीटर, म्हणजे उत्तम. सोनेरी झाला तर जरा जाड. जांभळा असेल तर सरळ टाकून द्यावा.

यात सुरुवातीलाच चार-पाच मिनिटं उशीर झाला, तरी ऊतीला ऑक्सिजन मिळत नाही, तंतुकणिका फुगते, घड्या मोडतात. बघणाऱ्याला वाटतं, केवढा आजार! आजार नसतो, दिरंगाई असते. फुगलेली तंतुकणिका दिसली की नमुना कसा घेतला, हे मी आधी विचारीन.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज पॅलाडे आणि स्वीडनचे फ्रिट्योफ श्योस्ट्रांड यांनी अशा कापांतून तंतुकणिकेचं अंतरंग दाखवलं आणि लगेच त्यांचा वादही झाला. पॅलाडे म्हणत, आतलंच पटल आत वळून घड्या पडल्या आहेत. श्योस्ट्रांड म्हणत, घड्या कसल्या, हे स्वतंत्र पडदे आहेत. पुस्तकांनी पॅलाडेंची बाजू घेतली, आणि आपलं ते कॅप्सूलचं चित्र तिथून आलं.

आता माझी तक्रार. दोरीचं वेटोळं सुरीनं कापलं तर कापावर काय दिसेल? गोल आणि लंबगोल ठिपके. दोरी दिसणारच नाही. 70 नॅनोमीटरच्या कापात काही मायक्रोमीटर लांब, वाकडीतिकडी तंतुकणिका अशीच सापडते, आणि आपण त्या ठिपक्याला तिचा आकार समजून बसतो. एकामागून एक शेकडो काप घेऊन ते संगणकावर पुन्हा रचले की अनेक पेशींत दाणे नाहीसे होतात आणि लांब, फाटे फुटलेले धागे उभे राहतात.

घड्यांचंही तसंच. काप थोडा थोडा कलता करत अनेक कोनांतून चित्रं घेण्याचं तंत्र 1990 च्या दशकात तंतुकणिकेला लावलं गेलं. तेव्हा दिसलं, की घड्यांची तोंडं पुस्तकातल्यासारखी ऐसपैस उघडी नाहीत. अरुंद नळीसारख्या मानेनं त्या आतल्या पटलाला जोडलेल्या आहेत. पॅलाडे बरोबर होतेच, पण श्योस्ट्रांडना पडदे का वाटले असतील, तेही समजतं.

अलीकडे ऑस्मियम आणि रेझिन दोन्ही टाळून पेशी क्षणार्धात गोठवतात, इतक्या झटपट की बर्फाचे स्फटिकही होत नाहीत. अशा चित्रांत घड्यांच्या कडांवर एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवणारी प्रथिनांची यंत्रं जोडीजोडीनं, रांगेत बसलेली दिसली. आधी वाटायचं, घडी आहे म्हणून यंत्रांना जागा मिळाली. पण यीस्टमध्ये या जोड्या बांधणारं प्रथिन काढून टाकलं, तर घड्या नीट पडतच नाहीत. पटलं कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकात एक गुंडाळलेली राहतात.